भयाचा आस्वाद : वेताळाच्या गोष्टीपासून नारायणरावाच्या हाकेपर्यंत

१

भय कोणासच नको असतें. आणि तरीहि मनुष्य झोंप मोडून, पैसे मोजून, प्रसंगीं चार कोस चालत जाऊन भय विकत घेतो, हें कोडें जुनें आहे. घरांत साप निघाला तर जो मनुष्य अंगणांत धांव घेतो, तोच रात्रीं कंदिलाभोवतीं बसून भुताखेतांची गोष्ट "आणखी एक सांगा" म्हणून मागतो. आजीच्या कुशींत शिरून डोळे गच्च मिटून घेणारें मूल गोष्ट थांबली कीं डोळे उघडून "मग काय झालें?" असें विचारतें. असें कां व्हावें? हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे असें कोणी म्हणेल व तें खरेंहि आहे. परंतु ज्या प्रश्नाचा आपल्या लोकांनीं सुमारें हजार वर्षें विचार केला, ज्याच्या उत्तरार्थ वाद झाले, आणि ज्याच्या खुणा ग्रंथांत, रंगभूमीवर व गांवदेवतांच्या ठाण्यांत अद्यापि दिसतात, तो प्रश्न इतिहासाचाहि आहे. प्रस्तुत लेखांत त्याचा मागोवा घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. शेवटीं याच अंगानें महाराष्ट्राच्या इतिहासांतील एका प्रसंगाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे; कारण तेथें हा प्रश्न केवळ रसिकतेचा न राहतां न्यायाचा होतो, अशी आमची समजूत आहे.

२

प्रथम शास्त्रकारांकडे वळूं. भरतानें नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत जे आठ रस सांगितले त्यांत भयानक हा एक आहे. त्याचा स्थायीभाव भय, त्याचा वर्ण काळा व त्याची देवता काल. त्याचे विभाव, म्हणजे तो उत्पन्न होण्याचीं कारणें, भरतानें मोठ्या बारकाईनें दिलीं आहेत : विकृत आवाज, भूतपिशाचांचें दर्शन, कोल्हे व घुबडें, ओसाड घर, अरण्य, आणि स्वजनांचा वध किंवा बंधन. शेवटचें कारण प्रत्यक्ष पाहिल्यानें, ऐकल्यानें किंवा त्याची नुसती कथा झाल्यानेंहि भय उपजतें, असें तो म्हणतो. ही यादी वाचतांना ती आजच्या एखाद्या भयपटाच्या लेखकानें समोर ठेविली असावी असें वाटतें, इतकी ती ताजी आहे. भयानकाचे त्यानें तीन प्रकार केले : कपटानें दाखविलेलें भय, अपराधामुळें वाटणारें भय आणि खरोखरीचा त्रास. सोंग केलेल्या भयास शास्त्रांत वेगळी जागा मिळाली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

भय हा स्त्रियांचा व नीच प्रकृतीच्या लोकांचा भाव होय, असेंहि भरतानें म्हटलें आहे. यावरून भयकथेची आवड ही हलक्या अभिरुचीची खूण, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो चुकीचा ठरेल. भरताचें तें विधान नाटकांतील पात्रांविषयीं आहे, प्रेक्षकांविषयीं नव्हे. भिणारें पात्र आणि त्या भयाचा आस्वाद घेणारा सहृदय हे दोघे निराळे आहेत, व सर्व वादाचें मूळ याच भेदांत आहे.

हा भेद ज्यांनीं स्पष्ट केला ते काश्मीरचे पंडित. भट्टनायकानें साधारणीकरणाचा विचार मांडला. त्याचा 'हृदयदर्पण' हा ग्रंथ आज उपलब्ध नाहीं व त्याचीं मतें आपणांस बव्हंशीं इतरांच्या उल्लेखांवरूनच कळतात. पुढें इसवी सनाच्या १००० च्या सुमारास अभिनवगुप्तानें 'अभिनवभारती'त हा विचार पूर्णत्वास नेला. ही टीका बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२६ पासून रामकृष्ण कवि यांच्या संपादनानें प्रसिद्ध होऊं लागली, तेव्हांपासून या वादास आपल्याकडे नवें तेज आलें. रसाची प्रक्रिया समजाविण्यासाठीं अभिनवगुप्तानें शृंगाराचें उदाहरण न घेतां भयाचें घेतलें, हें विशेष होय. शाकुंतलाच्या आरंभीं दुष्यंताच्या रथापुढें धांवणारा, मान वळवून मागें पाहणारा हरिण त्यानें निवडला. तो म्हणतो, हा हरिण खरा नव्हे, त्यास भिवविणारा राजाहि तेथें नाहीं. त्यामुळें तें भय अमक्याचें, अमक्या काळचें, अमक्या ठिकाणचें असें उरत नाहीं. 'मी भ्यालों', 'माझा शत्रु भ्याला', 'माझा मित्र भ्याला' अशा जाणिवा सुखदुःख, इच्छा, द्वेष यांना जन्म देतात व रसाला विघ्न करितात. त्या गळून पडल्या कीं नुसतें भय उरतें, जणूं हृदयांत शिरतें व डोळ्यांपुढें फिरतें. या निःस्वामिक भयाचा आस्वाद तोच भयानक रस.

हें मत सर्वांस मान्य झालें नाहीं, आणि विरोधकांचें म्हणणेंहि दुर्लक्षणीय नाहीं. बाराव्या शतकांत गुजरातेंत हेमचंद्राचे शिष्य रामचंद्र व गुणचंद्र यांनीं 'नाट्यदर्पण' रचिला. त्यांनीं रोखठोक सांगितलें कीं सगळेच रस सुखाचे नाहींत. करुण, रौद्र, बीभत्स व भयानक हे दुःखरूपच आहेत. मग लोक तीं नाटकें पाहण्यास कां जातात? यास त्यांनीं दोन उत्तरें दिलीं. एक असें कीं, प्रेक्षक कवीच्या व नटाच्या कौशल्यानें चकित होतो. शूर पुरुष जसा आपलें डोकें उडविणाऱ्या वैऱ्याच्याहि प्रहाराच्या सफाईनें विस्मित व्हावा, तसा. दुसरें असें कीं, पन्ह्यांत तिखटाचा चटका असल्यावांचून जशी गोडी खुलत नाहीं, तसें दुःखाच्या चवीनें सुख अधिक रुचकर होतें. चौदाव्या शतकांत उत्कलच्या विश्वनाथानें 'साहित्यदर्पणां'त करुणाविषयीं याच्या उलट बाजू घेतली : तेथें खरोखर दुःखच असतें तर कोणीहि त्या वाटेस गेला नसता, सहृदयांचा अनुभव हेंच येथें प्रमाण.

आमच्याकडे न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालच्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची जी उपपत्ति मांडली, तीहि या परंपरेशीं जुळणारी आहे. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशीं एकरूप होतो, पण आपण आपणच आहों ही जाणीव पुरती सोडीत नाहीं. पाश्चात्त्यांत ॲरिस्टॉटलनें शोकांतिकेच्या संदर्भांत भयाच्या विरेचनाची गोष्ट काढिली व एडमंड बर्क यानें १७५७ सालच्या आपल्या ग्रंथांत संकट फार जवळ आलें तर केवळ भयंकर वाटतें, कांहीं अंतरावर असलें तर त्यांत आनंद मिळूं शकतो, असें म्हटलें. अलीकडे, २०२० सालीं, डेन्मार्कमधील संशोधकांनीं करमणुकीसाठीं उभारलेल्या एका भुताच्या घरांत शिरणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजून पाहिले. भय फार थोडें झालें तर मजा नाहीं, फार झालें तरीहि नाहीं. मधल्या एका मापापाशीं आनंद सर्वांत अधिक, असें त्यांस आढळलें. पन्ह्याचा दृष्टांत देणाऱ्या नाट्यदर्पणकारांस हें ऐकून नवल वाटलें नसतें.

३

आतां शास्त्र सोडून प्रत्यक्ष कृतींकडे येऊं. संस्कृत नाटकांत भयानकाचें सर्वांत धीट चित्र काढणारा कवि विदर्भाचा, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. भवभूति आपलें मूळ गांव पद्मपूर असें सांगतो. तें आमगांवाजवळचें, पूर्वीच्या भंडारा व आतांच्या गोंदिया जिल्ह्यांतील पद्मपूर होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. आठव्या शतकाच्या आरंभीच्या या कवीनें 'मालतीमाधवा'च्या पांचव्या अंकांत नायकास रात्रीं श्मशानांत नेऊन उभें केलें. प्रेमांत निराश झालेला माधव तेथें पिशाचांस नरमांस विकण्यास आला आहे. कोल्ह्यांची ओरड, प्रेतांवर तुटून पडलेलीं पिशाचें, जवळच कराला देवीचें देऊळ, तेथें अघोरघंट हा कापालिक व त्याची शिष्या कपालकुंडला, आणि बळी देण्यासाठीं आणलेली मालती!

हा प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेंत जमलेल्या लोकांपुढें करण्यासाठीं होता, असें नाटकाच्या प्रस्तावनेवरूनच कळतें. म्हणजे देवाच्या यात्रेला आलेल्या जनसमुदायानें उत्सवाचा भाग म्हणून श्मशान पाहिलें. मात्र कवीनें श्मशानाचा दरवाजा बंद ठेविला नाहीं. मालतीची किंकाळी ऐकूं येतांच माधव धांवतो, कापालिकाचा वध होतो, आणि भयानकाची जागा वीर रस घेतो.

यापेक्षांहि बोलकी साक्ष वेताळाच्या पंचवीस गोष्टींची आहे. अकराव्या शतकांत काश्मीरांत क्षेमेंद्रानें व त्याच्या मागून सोमदेवानें त्या आपापल्या ग्रंथांत घातल्या. सोमदेवानें 'कथासरित्सागर' हा ग्रंथ अनंत राजाची राणी सूर्यमती हिच्या मनोविनोदार्थ रचिला. त्यांतील राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकांठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. क्षांतिशील नांवाचा भिक्षु रोज दरबारांत येऊन राजास एक फळ देतो. एके दिवशीं माकडाच्या हातून फळ फुटतें व आंतून रत्न पडतें. त्या उपकाराच्या बदल्यांत राजानें वद्य पक्षांतील रात्रीं श्मशानांत यावें व दूरच्या शिंशपा वृक्षावर लटकणारें प्रेत खांद्यावर घेऊन आणावें, एवढीच भिक्षूची मागणी. प्रेतांत वेताळ शिरलेला. वाट कंठावी म्हणून तो गोष्ट सांगतो, शेवटीं कोडें घालतो, आणि उत्तर ठाऊक असून बोलला नाहींस तर डोक्याचीं शकलें होतील असें बजावतो. राजानें उत्तर दिलें कीं मौन मोडलें. प्रेत पुन्हां झाडावर!

या रचनेंतील मर्म असें कीं, खांद्यावर प्रेत आहे, भोंवतीं चितांचा धूर आहे, आणि राजा मात्र न्यायाच्या व नीतीच्या कोड्यांचा विचार करीत आहे. भयानें त्याची बुद्धि मालवली नाहीं. उलट ती लखलखीत झाली. गोष्टी संपल्यावर वेताळ प्रसन्न होऊन भिक्षूचें कपट उघड करितो व राजा वांचतो. मग राजा वर मागतो कीं, या कथा जगांत प्रसिद्ध व पूज्य व्हाव्या. वेताळ तो देतो, आणि वर सांगतो कीं जेथें या कथा वाचिल्या जातील तेथें यक्ष, वेताळ, कूष्मांड, डाकिनी, राक्षस यांचें कांहीं चालणार नाहीं. भुताची गोष्ट हीच भुतापासून रक्षण करणारी! भयकथा माणसें कां ऐकतात या प्रश्नाचें याहून थेट उत्तर आम्हांस प्राचीन वाङ्मयांत आढळलेलें नाहीं. अंधाराची ओळख करून घेतली कीं अंधार आपला होतो, हा तो विश्वास. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं 'वेताळपंचविशी' मराठींत आणिली, आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांनीं तो राजा व तें प्रेत घरांतल्या माणसांसारखें ओळखिलें.

४

हा विश्वास ग्रंथांपुरता नाहीं. दक्षिण कोंकणांत व गोव्यांत वेताळ हा गांवचा राखणदार आहे. तो रात्रीं गांवाच्या शिवेवरून फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्यास नव्या वहाणा वाहतात. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबास मोठमोठ्या वहाणा व केळ्यांचे घड अर्पण होतात, हें सुप्रसिद्ध आहे. ज्याच्या नांवानें मूल दचकतें त्याच्याच पायांची चिंता गांव वाहतें. भयाची वस्तु नाहींशी करण्याचा खटाटोप न करितां तिला कामास लावण्याची ही रीति मोठी समंजस म्हटली पाहिजे.

त्याच प्रदेशांतील दशावताराच्या पूर्वरंगांत संकासुर येतो. वेद चोरणारा हा दैत्य काळ्या वेषांत रंगमंचावर येतो तेव्हां पुढें बसलेलीं मुलें मागें सरकतात. पण तो मालवणींत बोलूं लागला कीं तींच मुलें पोट धरून हंसतात. अखेर विष्णूच्या हातून तो मारला जातो. शिमग्यांतहि संकासुराचें सोंग मुलांच्या मागें लागतें व मुलें त्यास चिडवून पळतात. चिडवावें आणि पळावें, पळावें आणि पुन्हां चिडवावें, या येण्याजाण्यांतच सारी मौज असते.

१८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला आणि त्यानंतर पौराणिक नाटकांचा जो काळ आला, त्यांत राक्षसाचा प्रवेश हें मोठें आकर्षण होतें. दिवट्यांचा उजेड, राळेचा भपका, आरोळ्या! या आरोळ्यांवरूनच त्या नाटकांस 'अललडुर्र' हें थट्टेचें नांव पडलें. पुढें सुशिक्षित प्रेक्षकांनीं त्यांस नाकें मुरडलीं, तरी भयाची भूक मेली नाहीं. तिनें फक्त जागा बदलली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या कथांनीं तीच भूक भागविली. राक्षस गेला व त्याच्या जागीं बंद खोली आली, एवढाच फरक.

वरील उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणीं भयाला कुंपण आहे. श्मशानांत माधव धांवून येतो, वेताळ वर देतो, संकासुर मरतो, राळ विझते. कुंपण नसेल तर काय होतें, हें ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायांत दिसतें. तेथें शांताच्या घरीं अद्भुत पाहुणा आला आहे व इतर रस वऱ्हाडी म्हणून आले आहेत, असें ज्ञानेश्वर सांगतात. श्रोते त्या मेजवानीचा आनंद घेतात. पण विश्वरूपासमोर प्रत्यक्ष उभा असलेला अर्जुन मात्र कांपत आहे व पहिलें सौम्य रूप परत दाखवा म्हणून विनवीत आहे. एकच दर्शन, श्रोत्यास तो रस आहे, अर्जुनास तें भय आहे. कुंपणाच्या आंत कोण व बाहेर कोण, एवढ्यावरच सर्व अवलंबून असतें.

५

आतां ज्या प्रसंगासाठीं हा प्रपंच केला त्याकडे येतों.

पुण्यास शनिवारवाडा पाहण्यास येणाऱ्यांस बहुधा पहिली गोष्ट सांगितली जाते ती ही कीं, ठराविक रात्रीं येथून "काका, मला वांचवा" अशी हांक ऐकूं येते. कोणी ती रात्र पौर्णिमेची सांगतो, कोणी अमावास्येची. ऐकणाऱ्याच्या अंगावर शहारा येतो, चेहऱ्यावर हंसूं येतें, आणि तो पुढच्या दरवाजाकडे वळतो. भयानक रसाचा परिपाक झाला, यांत शंका नाहीं.

आतां हकीकत पाहूं. थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरांत थेऊर येथें वारले व त्यांचे धाकटे बंधु नारायणराव गादीवर आले. चुलते रघुनाथराव वाड्यांतच नजरकैदेंत होते. थकलेल्या पगाराची तक्रार पुढें करून गारदी वाड्यांत घुसले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, म्हणजे भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, नारायणरावांचा खून झाला. त्यांचें वय अवघें १८ वर्षांचें होतें. सुमेरसिंग गारदी व तुळाजी पवार यांचीं नांवें या कृत्याशीं कायमचीं जोडलीं गेलीं आहेत. धन्यास वांचविण्यासाठीं अंगावर पडलेला चाफाजी टिळेकर हा सेवक तेथेंच मारला गेला, व वाड्यांतील आणखीहि माणसें कापलीं गेलीं. रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून रघुनाथरावांस दोषी ठरविलें, देहान्ताखेरीज यास प्रायश्चित्त नाहीं असें तोंडावर सांगितलें, व पुणें सोडलें. पुढें बारभाईंचें कारस्थान, १७७४ च्या एप्रिलांत सवाई माधवरावांचा जन्म, रघुनाथरावांचा इंग्रजांकडे आश्रय, १७७५ चा सुरतेचा तह व पहिलें इंग्रज-मराठे युद्ध, हा सर्व क्रम वाचकांस विदित आहेच.

हांकेची कथा व ही हकीकत शेजारीं ठेवून पाहतां कांहीं फरक डोळ्यांत भरतात. खून भर दिवसा झाला. कथेनें त्यास रात्र दिली. तिथि शुद्ध त्रयोदशी होती, गणेशोत्सवाचे दिवस होते; कथेनें ती पौर्णिमा किंवा अमावास्या केली. मेलेले अनेक होते; कथेंत एकच उरला. खुनामागें थकलेला पगार, भाऊबंदकी व सत्तेचा लोभ होता. कथेंत त्यांऐवजीं आनंदीबाईनें कागदांत 'ध'चा 'मा' केल्याची एक अक्षरी चमत्कृति आली, जिचा अस्सल कागद आजवर पुढें आलेला नाहीं. आणि सर्वांत मोठा फरक असा कीं, कथेंत रामशास्त्री नाहींत. हांक आहे, निकाल नाहीं.

हे फरक कोणा एकानें बुद्धिपुरस्सर केले असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. अभिनवगुप्तानें सांगितलेली क्रियाच येथें घडली आहे. भय आस्वाद्य होण्यासाठीं त्यावरचें नांव, काळ व स्थळ पुसलें जावें लागतें. १८२८ च्या आगींत वाडा जळाला; तट, दरवाजे व जोतीं तेवढीं राहिलीं. भरतानें सांगितलेला 'ओसाड घर' हा विभाव आयताच तयार झाला, आणि स्वजनवधाची कथा त्यांत येऊन राहिली. लोकांनीं केलें तें रसनिर्मितीच्या नियमास धरूनच केलें.

येथें कोणी विचारील कीं, मग बिघडलें कोठें? वेताळाच्या गोष्टीस जो न्याय तो या गोष्टीस कां नसावा? याचें उत्तर असें कीं, राजाच्या खांद्यावरच्या प्रेताला नातेवाईक नाहींत. शाकुंतलांतल्या हरिणाचें भय कोणाचेंच नव्हतें म्हणून तें सर्वांचें होऊं शकलें. नारायणरावांचें भय मात्र एका अठरा वर्षांच्या मुलाचें होतें, आणि चाफाजीचा मृत्यु चाफाजीचाच होता. त्यांवरचीं नांवें पुसलीं कीं रस वाढतो, पण त्यांच्याविरुद्ध झालेला अपराधहि त्याबरोबर पुसट होतो. अपराध्याचें नांव घेण्याऐवजीं आपण हांकेची तिथि विचारूं लागतों.

म्हणून भयकथांवर बहिष्कार घालावा, असें मात्र आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ज्या समाजानें वेताळास वहाणा वाहिल्या व संकासुरास हंसविलें त्यानें भयाशीं वागण्याची एक शहाणी रीति शोधून काढिली आहे. कुंपणाआडचें भय मनास धीट करितें, व कांपणाऱ्या मुलास आपण कांपूनहि शाबूत राहिलों हा अनुभव देतें. तें त्याला दुसऱ्या कोणत्या रीतीनें मिळेल असें वाटत नाहीं. शनिवारवाड्यांतील हांकेची गोष्टहि आजीनें नातवास खुशाल सांगावी. आमचें मागणें इतकेंच कीं, ती संपल्यावर नातवानें "मग काय झालें?" असें विचारलें, तर त्याला दुसरी गोष्टहि सांगितली जावी : दिवसाउजेडीं आलेल्या गारद्यांची, धन्यावर पडलेल्या सेवकाची, आणि राज्याच्या धन्यासमोर उभें राहून देहान्ताचा निकाल सांगणाऱ्या शास्त्र्याची. रसास 'हें कोणाचें?' हा प्रश्न विसरावा लागतो. इतिहासास तोच पहिल्यानें विचारावा लागतो. दोघांनींहि आपापलें काम करावें, व एकानें दुसऱ्याचें घर बळकावूं नये.